ढिल्ला चेंडू

घनसावंगी
३ ऑगस्ट

प्रिय कहकशा,

पत्र बघून हसू नकोस. तुझा फोन म्हणजे अकिबचा फोन, आणि तुझा भाऊ माझे मेसेज जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, हे तूच सांगितलंस. आमच्या घरचा फोन बाबांच्या खिशात बसून मेंढरांमागे फिरतो. म्हणून वहीचं पान फाडलं. वसंताची जीप रोज जालन्याला जाते. तो म्हणाला, "दे, अंबड चौफुलीवर पोचवतो. पण पत्रात माझी बदनामी नको." तुझे अब्बा कारखान्यातून सुटल्यावर तिथूनच जातात ना, त्यांच्या हातात देईल.

तू जूनमध्ये गेलीस आणि आता माझ्यासमोर शालू बसते. पोरगी चांगली आहे, पण चेंडू आला की डोळे मिटते. "मास्क घातलाय ना गं," म्हटलं, तरी मिटते. चार वर्षं बेसबॉलमध्ये तू माझी कॅचर होतीस, तेव्हा कॅचरला डोळे उघडे ठेवावे लागतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी परतूरच्या मुलींशी सामना झाला. पहिल्या इनिंगमध्ये मी तिघींना सरळ घरी पाठवलं. तिसऱ्या इनिंगपासून त्यांनी मला असं ठोकलं की चेंडू आणायला आपल्या पोरी थेट रस्त्यापर्यंत पळत होत्या.  परत येताना जीपमध्ये कल्याण सर बोलले. "प्रांजली, तुझा चेंडू जोरात येतो, बराबर आहे. पण प्रत्येक चेंडू तेवढ्याच जोरात येतो. दोनदा बघितला की पोरींना ताल सापडतो. मंग त्या डोळे झाकून बी मारतील."

मला हात तोच, पाय तोच, झटका तोच ठेवून चेंडू मात्र उशिरा पोचवता आला पाहिजे. बॅट आधी फिरली पाहिजे, चेंडू मागून आला पाहिजे. तसा चेंडू नसेल तर जिल्हा निवडीला सर मला पिचर म्हणून, चेंडू टाकायला, पाठवणार नाहीत. राइट फील्डला, मैदानाच्या पार कडेला, उभं करणार.

राइट फील्ड! दिवसभर उभं राहून राखण करायला माझ्या घरी पंचवीस मेंढरं आहेत.

निवड १६ नोव्हेंबरला आहे. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं हे माझं शेवटचं वर्ष. गेल्या वर्षी मी राखीव होते, बाकावर बसून दुसरीचा खेळ बघितला. यंदा बघायचा नाही. साडेतीन महिने आहेत आणि मी हा चेंडू शिकणार. सर त्याला चेंज-अप म्हणतात. आपल्या पोरींनी त्याचं नाव 'ढिल्ला' ठेवलंय.

तू मला समोरून जेवढं बघितलंस तेवढं कोणी बघितलेलं नाही. मी हळू टाकायला गेले की काय चुकतं, ते सांग.

तुझी
प्रांजली

·

जालना
१५ ऑगस्ट

प्रांजले,

सलाम. अब्बांनी तुझं पत्र डब्याच्या पिशवीतून आणलं, त्याला बेसनाचा वास होता. अम्मीने विचारलं, "प्रांजलीनं बेसन भेजी क्या?" मी म्हटलं, न्हाई, डोकं भेजी है, दुरुस्त करके मंगती है.

इथलं ऐक. आमची खोली एमआयडीसीच्या इतकी जवळ आहे की रोलिंग मिलचा आवाज भिंतीतून येतो. पहिल्या आठवड्यात झोप नाही आली, आता आवाज थांबला की जाग येते. कॉलेजच्या टीममध्ये बावीस मुली आहेत आणि त्यात दोन कॅचर आधीच आहेत. मी हेल्मेटची बॅग उचलते. मॅडमना माझं नाव अजून पाठ नाही. "ए घनसावंगी, हेल्मेट आण." एवढंच माझं बेसबॉल. अब्बा परवा म्हणाले, "बॅगाच उचलायच्या तर मैदानावर कशाला, अम्मीला बाजारात मदत कर." हसत म्हणाले, पण म्हणाले.

आता तुझा ढिल्ला. तू हळू टाकायला गेलीस की हातच हळू करतेस, ही तुझी पहिली चूक. हात हळू झाला तर चहा पिणाऱ्या पंचालाही कळेल. पूर्ण जोर लाव, पण तो चेंडूला लागू देऊ नको. चेंडू बोटांच्या टोकांवर न धरता तळहातात खोल घे, तीन बोटं वरून. कोंबडीचं पिल्लू कसं धरतेस? उडू नये आणि मरू नये. तसं.

दुसरी गोष्ट, घाबरू नको. ढिल्ला टाकताना सगळ्यांना वाटतं की आता हा मार खाणार. म्हणून ऐनवेळी बोटं आवळतात आणि तो ना धड जोरात जातो ना धड हळू. तो मधला चेंडू सगळ्यात जास्त मार खातो.

आणखी एक मजा आहे. तू हळू टाकतेस ना, तेव्हाची. मला माहीत आहे आणि तुला स्वतःला माहीत नाही, खुदा कसम. पण हे पान मी चौफुलीवर जीपच्या बॉनेटवर लिहून राह्यले आणि वसंताने हॉर्नवरचा हात काढायचंच सोडलंय. पुढच्या पत्रात सांगते.

तुझी
कहकशा

·

घनसावंगी
७ सप्टेंबर

कहकशा,

पिल्लू धरायची युक्ती लागू पडली. एका दिवसात नाही, पण पडली.

शाळेमागच्या दोन बाभळींमध्ये गोणपाट बांधलंय. त्यावर चुन्याने चौकोन काढलाय, छातीपासून गुडघ्यापर्यंत. तिथून साठ फूट सहा इंच मोजून माझा पाय टेकायला फळी पुरलीय. रोज सकाळी सहा वाजता साठ ढिल्ले आणि तीस जोरातले. नुसते ढिल्ले टाकले तर हाताला तेच वळण पडतं, असं सर म्हणतात, म्हणून शालू चिठ्ठ्या उचलते आणि ओरडते, "जोरात! ढिल्ला! ढिल्ला! जोरात!" रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघतात.

वेग मोजायचं यंत्र आपल्याकडे कुठलं. सर माझ्या पाठीमागे उभे राहून फोनवर व्हिडिओ काढतात आणि मग बोटाने एकेक चौकट पुढे सरकवत मोजतात. चेंडू हातातून सुटल्यापासून गोणपाटाला लागेपर्यंत किती चौकटी, ते. जोरातल्याला वीस लागतात. ढिल्ल्याला पहिल्या आठवड्यात एकवीस लागल्या, म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात चोवीस झाल्या, पण माझा हात हळू पडत होता म्हणून सरांनी ते सगळे बाद धरले. मी तेव्हा रडले नाही, पण गोणपाटाला एक लाथ घातली. काल सव्वीस. हात तोच, चौकटी सव्वीस! सरांनी व्हिडिओ तीनदा बघितला. "मागून तर बिलकुल फरक दिसून न्हाई राह्यला," म्हणाले. कल्याण सर एवढं म्हणाले म्हणजे दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते.

जयवंता आत्या मेंढरं घेऊन तिथून जाताना रोज विचारते, "त्या गोणीनं तुझं काय घोडं मारलंय गं?" बाबांना मी समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे फेकायचं जोरात, पण लागू द्यायचं न्हाई? त्यात काय शिकायचं? मेंढरू भलतीकडं निघालं की ढेकूळ असंच फेकतो आपण. पुढ्यात पडलं पाहिजे, अंगाला लागाया नको." खरं आहे. लहानपणी मीही दिवसभर तेच करत होते. मग हे एवढं अवघड का गेलं, कोण जाणे.

बातमी तुला कळली असेलच. २८ तारखेला तुमचं कॉलेज इथे सरावाचा सामना खेळायला येतंय. निवडीच्या दिवशी तुमच्याच पोरी बहुतेक माझ्यासमोर असणार, म्हणून सरांनी मुद्दाम बोलावलंय. हेल्मेटची बॅग घेऊन का होईना, तू ये. आत्या तुझ्यासाठी धपाटे करणार आहे.

आणि ती मजा काय होती? वसंताचा हॉर्न एव्हाना थांबला असेल.

प्रांजली

·

जालना
२१ सप्टेंबर

प्रिय प्रांजली,

घाईत लिहितेय. मॅडमनी मला पहिल्या नऊ जणींत घेतलं. आता कॅचर मी आहे, आणि माझं नाव त्यांना पाठ झालंय. बॅग दुसरी मुलगी उचलते. अब्बांनी कारखान्यातल्या सगळ्यांना सांगितलं.

सव्वीस चौकटी म्हणजे खूप झालं. मुबारक.

ती मजेची गोष्ट काही विशेष नव्हती, आता नीट आठवतही नाही. २८ ला मॅडम कोणाशी बोलू देणार नाहीत असं वाटतं, त्या सामन्याआधी फार कडक असतात. धपाटे वसंताकडे दिलेस तरी चालतील.

कहकशा

·

घनसावंगी
२ ऑक्टोबर

कहकशा,

तुझं अभिनंदन राहूनच गेलं. बॅगेतून थेट प्लेटमागे, कॅचरच्या जागी! त्या दिवशी तुझ्याकडे बघून हात केला, तू मास्क काढलाच नाहीस. सामना संपल्यावर धपाटे घेऊन आले तर तुमची गाडी निघालेली. मग ते शालूने खाल्ले.

अकरा धावा. तू मोजल्याच असतील. माझे जोरातले चेंडू तुमच्या पोरींना अवघड जात होते, ते मी बघितलं. मार बसला तो ढिल्ल्यांना. आणि कसा? मी ढिल्ला टाकला की तुमची पोरगी आधीच थांबलेली. एकदा नाही, दहापैकी नऊ वेळा. जणू कोणीतरी तिच्या कानात सांगत होतं. एवढंच नाही, उभ्या राहिल्या की चेंडूकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघायच्या. मला वाटलं, शहरातल्या पोरी, गुर्मीत आहेत, डोळ्याला डोळा देतायत. मीही दिला. तेवढ्यात चेंडू बाभळीपलीकडे.

कल्याण सर म्हणाले, "सोड तो चेंडू. दीड महिन्यात न्हाई होणार. राइट फील्डसाठी नाव देतो, निदान टीममध्ये तरी येशील." मी म्हटलं, सर, चौकटी सव्वीसच आहेत का? म्हणाले, सव्वीस. हात तोच आहे का? म्हणाले, तोच. मग चेंडू बरोबर आहे, सर, दुसरीकडे कुठेतरी भोक आहे आणि ते मी शोधणार. १ नोव्हेंबरपर्यंत मुदत मागून घेतली.

तेव्हापासून शोधतेय. बोटं हातमोज्यात झाकली. खांदा बघितला, पायाची टाच बघितली. शालूला विचारलं तर ती म्हणते, "मला काय माहीत, मी तर डोळे मिटते." आता तूच राहिलीस. त्या दिवशी तू आमच्याविरुद्ध होतीस, पण तू कॅचर आहेस, तुला दिसलंच असणार. तुमच्या पोरींना काय दिसलं गं?

प्रांजली

·

जालना
१२ ऑक्टोबर

प्रांजली,

तुझं पत्र आठ दिवस माझ्या पुस्तकात होतं. अम्मी दोनदा म्हणाली, जवाब लिख. आज लिहिते.

तुमच्या पोरींना काय दिसलं, असं विचारलंस. मी दाखवलं ते दिसलं.

तुझे ओठ. तू जोरात टाकतेस तेव्हा तुझं तोंड गच्च बंद असतं, जबडा दगडासारखा. ढिल्ला टाकतेस तेव्हा हात वर जायच्या आधी तुझे ओठ पुढे येतात, गोल होतात. च्यू च्यू करताना होतात तसे. आवाज निघत नाही, पण ओठ येतात. दर वेळी. सर मागून व्हिडिओ काढतात, त्यांना कसं दिसणार? गोणपाटाला डोळे नाहीत आणि शालूने मिटलेले.

हे मला आपण सातवीत असल्यापासून माहीत आहे. तुझ्या घरी आले होते, आठवतं? एक कोकरू विहिरीकडे निघालं होतं. तू ढेकूळ उचललंस, च्यू च्यू केलंस आणि त्याच्या पुढ्यात अलगद टाकलंस. ते वळलं. तुझे बाबाही तसंच करतात, आत्याही. हळू फेकायचं म्हणजे आधी हाक मारायची, हे तुमच्या घरात सगळ्यांच्या अंगात आहे. मैदानावर सरावात तू माझ्याकडे हळू चेंडू टाकायचीस तेव्हाही ओठ यायचे आणि मी मास्कमध्ये हसायचे. मला वाटायचं, ही मला कोकरू समजते.

ऑगस्टमध्ये मी हे लिहिणारच होते. तेव्हा हॉर्न खरंच वाजत होता. त्यानंतर कुठलाच हॉर्न वाजला नाही.

तुझं दुसरं पत्र आलं त्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, "घनसावंगीची पिचर कशी आहे? कोणाला माहीत आहे?" मी बॅगेवर बसले होते. मी हात वर केला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव विचारलं. मी सगळं सांगितलं, ओठ कसे येतात ते करूनही दाखवलं. पोरी हसल्या. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या नऊ जणींत होते. मी खेळते चांगली, ते खोटं नाही. पण माझ्या खेळामुळे मला कोणी बघितलं नव्हतं, तुझ्या ओठांमुळे बघितलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. निवडीला अजून महिना आहे, तेवढ्यात ओठ बंद करता आले तर कर. मी तुला कळवलं हे मॅडमना सांगितलेलं नाही.

कहकशा

·

जालना
२६ ऑक्टोबर

प्रांजली,

वसंताला चार वेळा विचारलं. काल तो म्हणाला, "पोरीला म्हटलं काही द्यायचं का, तर म्हणती काही न्हाई. तुमचं भांडण झालं काय? माझ्या जीपमध्ये पत्र फिरतात तर मला बी कळाया पाहिजे ना!"

पत्र मिळालं एवढं तरी कळव. दुसरं काही लिहू नको.

कहकशा

·

घनसावंगी
१२ नोव्हेंबर

कहकशा,

दोन्ही पत्रं मिळाली.

पहिलं वाचलं त्या दिवशी मी सरावाला गेले नाही. तीन महिन्यांत तेवढा एकच दिवस. दुसऱ्या दिवशी सहा वाजता गेले. सरांना म्हटलं, आज समोरून व्हिडिओ काढा. ते गोणपाटाच्या बाजूला उभे राहिले. मग आम्ही बघितलं. सर बघतच राहिले. म्हणाले, "अगं, हे तर आंधळ्याला दिसंल. मी अडीच महिने तुझ्या पाठीकडं बघून राह्यलो!" तुझं नाव सांगितलं नाही. लक्षात आलं, एवढंच म्हटलं.

ओठ बंद कर, असं तू लिहिलंस. सोपं वाटलं असेल लिहायला. निंबाची काडी दातात धरून टाकले. ओठ बंद राहिले, पण ढिल्ला बावीस चौकटींत पोचायला लागला. तू म्हणतेस तोच तो मधला, मार खाणारा. काडी काढली की सव्वीस. काडी धरली की बावीस. दहा दिवस हेच. ओठ बंद झाले की हात विसरतो. १ नोव्हेंबरची मुदत आली तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. सरांना म्हटलं, अजून दहा दिवस. ते म्हणाले, नाव पिचर म्हणूनच पाठवतो, पुढचं तुझं तू बघ.

मग मी दुसरा रस्ता धरला. तो काय, ते इथे लिहीत नाही. एक गोष्ट राखून ठेवायची आता माझी पाळी आहे.

रविवारी येतेय.

प्रांजली

·

जालना
१७ नोव्हेंबर

प्रांजली,

तू काल बोलली नाहीस. बोलायला पाहिजे होतंस असं नाही. पण प्लेटपाशी उभं राहून काय दिसलं ते तुला माझ्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या बाकावर सगळ्या निश्चिंत होत्या. "ओठ बघायचे," एवढंच एकमेकींना सांगणं चाललं होतं. आमची पहिली मुलगी उभी राहिली. तुझे ओठ पुढे आले. ती थांबली, आणि चेंडू सणसणत कॅचरच्या हातमोज्यात. ती वळून बाकाकडे बघायला लागली. पुन्हा ओठ आले. तिने जोरात बॅट फिरवली, आणि या वेळी ढिल्ला. बॅट कधीच फिरून गेली होती, चेंडू मागून निवांत आला, जसा जेवायला उशिरा येणारा पाहुणा. तिसऱ्यालाही ओठ. चौथ्यालाही. तेव्हा मला कळलं. तू सगळ्याच चेंडूंना हाक मारत होतीस!

मॅडमच्या लक्षात यायला एक पूर्ण इनिंग लागली. त्या पोरींना ओरडल्या, "ओठ विसरा, चेंडू बघा." पण दोन महिने ओठच बघितलेत, आता चेंडू कुठून दिसणार? दुसऱ्या इनिंगमध्ये एकीने मारला, तो नीट मारला. बाकीच्या तशाच गेल्या.

तिसऱ्या इनिंगमध्ये दोन बाद असताना मी आले. तू माझ्याकडे बघितलंस, चार वर्षं बघायचीस तसंच. मला वाटलं होतं, मला तरी कळेल. जोराच्या ओठांत आणि ढिल्ल्याच्या ओठांत काहीतरी फरक असेलच, आणि तो दिसला तर मलाच दिसेल. पहिला सोडून दिला, नुसता बघायला. स्ट्राइक, तीनपैकी एक संधी गेली. दुसरा लागला, पण रेषेबाहेर गेला. तिसऱ्याला तुझे ओठ आले आणि मी खूप नीट बघितलं, प्रांजली. काही फरक नव्हता. मी जोरातल्यासाठी बॅट फिरवली. चेंडू यायचा बाकी होता. माझा पाय घसरून मी एका गुडघ्यावर बसले आणि तो माझ्या नाकासमोरून गेला. मागे कोणीतरी हसलं. बहुतेक शालू. डोळे उघडे होते तर तिचे.

सामना झाल्यावर मॅडमना सांगितलं की तुला मी कळवलं होतं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "हेल्मेटची बॅग उचल." मी उचलली. आधी वाटायची तेवढी जड नव्हती.

यादी लावली तेव्हा तुझं नाव वरून तिसरं होतं. पुढे 'पिचर' लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं. माझं नव्हतं. अब्बा विचारत होते, मी म्हटलं, प्रांजलीचं आहे. ते म्हणाले, "चला, घर का एक तो गया."

कहकशा

·

घनसावंगी
२१ नोव्हेंबर

कहकशा,

वसंताला सांगितलंय, हे पत्र आज संध्याकाळच्या आत तुझ्या अब्बांच्या हातात पडलं पाहिजे. का, ते शेवटी.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ओठ पुढे काढून जोरात टाकणं हे ढिल्ल्याहून दुप्पट अवघड होतं. पहिल्या दिवशी माझा जोरातला वीसवरून तेवीस चौकटींवर आला. हाक मारली की हात आपोआप मऊ होतो. आत्या एकदा थांबून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे काय गं? च्यू च्यू करून बुलावती आणि मंग डोक्यात हाणती? असं न्हाई करायचं. एकदा असं केलं तर ते मेंढरू पुन्हा हाकेला येईल का?" मी म्हटलं, आत्या, मला हे येत नाही म्हणूनच शिकतेय. आणि तेव्हा तुझी आठवण आली. गोड पत्र लिहायचं आणि मग अकरा धावा. तुला हे किती सहज जमलं असं वाटलं. मग तुझं बारा ऑक्टोबरचं पत्र पुन्हा वाचलं. सहज जमलं नव्हतं, तेही दिसलं.

रोज दोनशे चेंडू टाकले, सगळे हाक मारून. शालूला नियम केला: डोळे उघडे ठेव आणि ओठ बघून ओळख, जोरात की ढिल्ला. बरोबर ओळखलंस तर एक पेरू तुझा. पहिल्या दिवशी तिने अठरा पेरू नेले. अकरा तारखेला दोन. त्यातला एक मी दयेने दिला. त्या पेरूंनी तिचे डोळे उघडले, सरांचं चार महिन्यांचं ओरडणं फुकट गेलं.

आता घाई का, ते. यादीत पंधरा नावं आहेत, तू मोजली नसशील. सोळावी जागा दुसऱ्या कॅचरची आहे आणि ती रिकामी ठेवलीय. पहिली कॅचर म्हणून तुमच्याच कॉलेजची मुलगी निवडली, ती चांगली आहे. पण काल निवडलेल्या मुलींचा सराव घेतला, त्यात माझा ढिल्ला तिने तीनदा पाडला. ती हात आधी पुढे आणते आणि चेंडू नंतर येतो. निवड समितीतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "तुझा हा चेंडू धरणारी कोणी आहे का जिल्ह्यात? शालू झेलते का?" मी म्हटलं, शालूचे डोळे उघडून अजून महिनाही झाला नाही. मग कोण? कल्याण सर माझ्याकडे बघत होते. ओठांचं मला कोणी सांगितलं ते मी त्यांना कधी बोलले नाही, पण त्यांना कळलंय असं वाटतं.

मी तुझं नाव सांगितलं.

माफ केलं असं समजू नकोस. ते अजून झालेलं नाही आणि कधी होईल ते चौकटी मोजून सांगता येत नाही. मला राज्य स्पर्धेत खेळायचंय, आणि मला समोर असं माणूस पाहिजे ज्याला माझं बारीकसारीक दिसतं. असं एकच आहे, त्याला मी काय करू?

शिबिर सोमवारपासून आहे, सकाळी सहाला. बाई उद्या दुपारी तुमच्या कॉलेजवर निरोप पाठवतील. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून ही घाई. नाही म्हणायचं असेल तर वसंताकडे आजच सांग. हो असेल तर काही लिहू नको, मास्क घेऊन ये.

पहिल्या दिवशी समोर बस आणि डोळे उघडे ठेव. तोंड, खांदा, टाच, कुठेही काही नवीन दिसलं तर सांग. आधी मला.

प्रांजली